गोव्याहून दिल्ली पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव अशा ठिकाणांहून दिल्लीला निघालेली मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरे. प्रवास कंपनीबरोबर जाणाऱ्यांना यातले निम्मे कामाचे नाही. त्यांची बस कुठे थांबेल ते आधीच ठरलेले असते. आपले आपण जाणाऱ्यांनी मात्र तिकिटे काढण्याआधी निदान सोमवारचा प्रश्न वाचावा.

दिल्ली पाहायला किती दिवस लागतात?

जाण्या-येण्याचे सोडून चार. तीन दिवसांतही जमते, पण मग आग्रा विसरा. दोनच दिवस असतील तर एक दिवस जुन्या दिल्लीला आणि एक नव्या दिल्लीला द्या. कुतुबमिनार पुढच्या वेळी.

गोव्याच्या माणसाचा अंदाज चुकतो तो अंतरांचा. पणजीत मांडवीच्या काठापासून आल्तिनोपर्यंत चालत जाता येते, भाटल्यातून निघून तासाभरात सगळे जुने पणजी फिरून होते. दिल्लीत लाल किल्ला ते कुतुबमिनार हे अंतर वीस किलोमीटरच्या घरात आहे आणि संध्याकाळच्या गर्दीत त्याला दीड तासही लागतो. म्हणून ठिकाणांची यादी करण्याऐवजी भागांची करावी. एका दिवशी एकच भाग. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी हेच वेगवेगळ्या तऱ्हेने सांगणार आहे.

नाताळच्या सुटीत मुलांना घेऊन जावे का?

शाळेच्या दृष्टीने सोय तीच असते, म्हणून बहुतेक जण जातात. मात्र डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी हा दिल्लीतला धुक्याचा काळ. विमाने तासन्‌तास उशिरा सुटतात, उत्तरेकडच्या गाड्या तर त्याहून जास्त रखडतात. सकाळी दहापर्यंत समोरचे काही नीट दिसत नाही, अशा दिवशी इंडिया गेटचा फोटो म्हणजे पांढरा कागद. थंडीही गोव्याच्या कल्पनेपलीकडची असते: रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि स्वस्त हॉटेलांत खोली गरम करायची सोय नसते. जायचेच असेल तर परतीच्या दिवशी दुसरे कसलेही जोडतिकीट काढू नका.

उत्तम काळ फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य. ऊन कोवळे, फुले बहरलेली, राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान याच सुमारास लोकांसाठी उघडते. नेमका हाच आपल्याकडे कार्निव्हल आणि शिगमोचा हंगाम, त्यामुळे काहींची पंचाईत होते. काहींना उलट गोव्यातल्या गर्दीतून सुटका हवीच असते. दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे टाळावेत, हवा इतकी धुरकट असते की दम्याच्या माणसाने जाऊच नये. मे-जूनबद्दल काय सांगावे? आपला मे घामाचा, तिथला होरपळीचा. पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि लाल किल्ल्याच्या अंगणात सावली शोधावी लागते.

रेल्वेने जावे की विमानाने?

मोपा आणि दाबोळी, दोन्हीकडून दिल्लीला थेट विमाने आहेत. अडीच तासांच्या आसपास वेळ लागतो. ऐन हंगामात भाडे वाढते, पण फेब्रुवारीतली तिकिटे दोन महिने आधी काढली तर परवडतात.

रेल्वेत निवड आहे. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस बेळगाव, मिरज, पुणे करत हजरत निजामुद्दीनला पोचते. दीड दिवसाहून जास्त लागतो, पण दूधसागरच्या घाटातून जाते आणि बेळगाव-पुण्याचे नातेवाईक वाटेत डबा आणून देऊ शकतात, ही सोय विमानात कुठली! कोकण रेल्वेच्या बाजूने मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस रोज मडगावला येते. मडगावहून राजधानी एक्सप्रेसही आहे. ती जवळजवळ एका दिवसात पोचवते, मात्र रोज नसते.

एक गोष्ट लिहून ठेवा: आपल्याकडच्या बहुतेक गाड्या निजामुद्दीनला जातात, नवी दिल्ली स्थानकावर नाही. परतीच्या दिवशी पहाडगंजच्या बाजूच्या स्थानकावर जाऊन गाडी शोधत बसलेली मराठी कुटुंबे हमखास दिसतात.

गोवा सदनात खोली मिळते का?

दिल्लीत अमृता शेरगिल मार्गावर गोवा सदन आणि चाणक्यपुरीत गोवा निवास, अशा राज्य सरकारच्या दोन वास्तू आहेत. मंत्री, आमदार आणि सरकारी कामाने आलेल्यांचा हक्क आधी. खोली शिल्लक असेल तर इतर गोमंतकीयांचाही विचार होतो, पण त्यावर सहल आखू नका. अर्ज करावा आणि दुसरीकडची सोयही हाताशी ठेवावी.

हॉटेल घेताना स्वस्ताईपेक्षा मेट्रो स्थानक जवळ आहे का ते पाहा. करोलबाग आणि कॅनॉट प्लेसच्या आसपासचा भाग कुटुंबांना सोयीचा. पहाडगंज स्वस्त आणि स्थानकाला लागून, पण रात्री उशिरा आईवडिलांना घेऊन त्या गल्ल्यांतून सामान ओढत जावे असे मला वाटत नाही.

सोमवारी सगळे बंद असते हे खरे का?

सगळे नाही, पण यादी मोठी आहे. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेम्पल, रेल्वे संग्रहालय, पंतप्रधान संग्रहालय, गांधी स्मृती ही सगळी सोमवारी बंद. शनिवार-रविवार जोडून आलेल्या माणसाचा तिसरा दिवस नेमका तोच असतो.

सोमवार आलाच तर कुतुबमिनार, हुमायूनची कबर, पुराना किल्ला, लोदी गार्डन, जंतरमंतर, इंडिया गेट आणि बंगला साहिब गुरुद्वारा ठेवा. यांत एक सोडून दोन दिवस जातील. प्राणिसंग्रहालयाची सुटी शुक्रवारी असते आणि ताजमहालही शुक्रवारीच बंद. शिवाय प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन यांच्या आधीचे काही दिवस लाल किल्ला आणि इंडिया गेटच्या भागात बंदोबस्त असतो. जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडा आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा त्यामुळे सोडलेलाच बरा.

एक टॅक्सीवाला एका दिवसात अकरा ठिकाणे दाखवतो म्हणतो. घ्यावी का?

तो खरेच दाखवतो. गाडीतून. राष्ट्रपती भवन डावीकडे, संसद उजवीकडे, उतरा, फोटो काढा, दहा मिनिटांत परत या. मधे एका हस्तकला भांडारात मात्र पाऊण तास थांबवतो. म्हाताऱ्या माणसांना चालवत नसेल तर ही फेरी वाईट नाही. चालू शकणाऱ्यांनी पैसे वाचवावेत.

लाल किल्ल्यात नेमके पाहायचे काय? आतून रिकामाच आहे असे ऐकले.

आपल्याला किल्ला म्हटले की आग्वाद किंवा रायगड आठवतो: तट, बुरूज, तोफा, खाली समुद्र किंवा दरी. लाल किल्ला हा मुळात राजवाडा. शाहजहानने आग्र्याहून राजधानी हलवून शाहजहानाबाद वसवले, त्यातले हे त्याचे घर. १६४८ मध्ये ते पूर्ण झाले. तेव्हाच्या बऱ्याचशा इमारती आज नाहीत, कारण १८५७ नंतर इंग्रजांनी आतले महाल पाडून लष्करी बराकी बांधल्या. संगमरवरी मंडपांच्या शेजारी त्या रुक्ष लांबट इमारती का उभ्या आहेत, असा प्रश्न पडला तर उत्तर तेच.

लाहोरी दरवाजातून आत शिरलात की छत्ता चौक हा छताखालचा बाजार लागतो, मग नौबतखाना, मग दिवाण-ए-आम. खरी गोष्ट त्याच्या मागे आहे, दिवाण-ए-खासमध्ये. मयूरासन इथे होते. ते १७३९ मध्ये नादिरशाहने नेले. वर मान करून छताकडे पाहा. या छताला पूर्वी चांदीचा पत्रा होता. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा सैन्याला पगार द्यायला पैसे नव्हते, आणि त्यांनी तो पत्रा उतरवून वितळवला. पुढे काही महिन्यांत पानिपत झाले. दिल्लीतले मार्गदर्शक ही गोष्ट सांगताना मराठी चेहरे पाहून थोडे अडखळतात, आपणच विचारावी. उपाशी फौज घेऊन परमुलखात अडकलेल्या सेनापतीने दुसरे काय करायला हवे होते, यावर त्या मंडपात उभे राहून भांडायला मजा येते.

याच किल्ल्यात १७८८ मध्ये गुलाम कादिरने बादशहा शाह आलमचे डोळे काढले आणि महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली परत घेऊन त्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवले. पुढे १८०३ पर्यंत दिल्लीवर शिंद्यांचा ताबा राहिला. बराकींमधल्या संग्रहालयांत आझाद हिंद सेनेचे दालन चुकवू नका. त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला १९४५-४६ मध्ये याच किल्ल्यात चालला होता. सगळे मिळून तीन तास धरा आणि सकाळी दार उघडताच पोचा.

मराठ्यांच्या आणखी काही खुणा दिल्लीत आहेत का?

आहेत, पण बहुतेकांवर पाटी नाही. मार्च १७३७ मध्ये थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन धडकले, ते तालकटोऱ्याच्या परिसरात. आज तिथे तालकटोरा स्टेडियम आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले. शेजारची बाग छान आहे, पाहायला म्हणून त्याहून जास्त काही नाही. कालकाजी मंदिराचा जुना भाग मराठ्यांच्या काळातला मानतात. लोटस टेम्पलला जाताना ते वाटेतच लागते.

उत्तरेकडच्या टेकडीवर, म्हणजे रिजवर, हिंदूराव रुग्णालय आहे. हे हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटग्यांपैकी, बायजाबाई शिंद्यांचे बंधू. त्यांच्या बंगल्याचे पुढे रुग्णालय झाले. जवळच फिरोजशाह तुघलकाने मेरठहून आणलेला अशोकस्तंभ उभा आहे. त्याच बाजूला, सिव्हिल लाइन्समध्ये अलीपूर रोडवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले, ती जागा आता राष्ट्रीय स्मारक आहे. उघड्या पुस्तकाच्या आकाराची इमारत आहे. सहल कंपन्या इथे सहसा आणत नाहीत, म्हणून निवांत पाहता येते.

चांदणी चौकात लहान मुले आणि वयस्करांना न्यावे का?

न्यावे, पण सकाळी नऊच्या सुमारास आणि रिकाम्या पोटी. मुख्य रस्ता दिवसा मोटारींना बंद असतो, त्यामुळे लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत चालता येते. थकलेल्यांना सायकलरिक्षा आहे. एकाच रस्त्यावर दिगंबर जैन लाल मंदिर, गौरीशंकर मंदिर, शीशगंज गुरुद्वारा आणि शेवटी मशीद, असे सगळे ओळीने लागते. गुरु तेगबहादुर यांचे १६७५ मध्ये बलिदान झाले ते शीशगंजच्या जागी. डोके झाकून आत जावे, पाच मिनिटे बसावे.

खाण्याचे सांगायचे तर पराठेवाली गल्ली नावाने मोठी झाली आहे. तिथले पराठे तुपात तळलेले असतात, भाजलेले नव्हेत. दोघांत एक पुरे. दरीबा कलांच्या कोपऱ्यावरची जाड जिलबी मला जास्त आवडते. थंडीत गेलात तर दौलत की चाट मागा: दुधाच्या फेसाचा हा गोड पदार्थ सकाळीच मिळतो आणि उन्हाळ्यात नसतो. फतेहपुरीच्या पलीकडे खारी बावली हा मसाल्यांचा बाजार आहे. मिरच्यांची पोती उघडी असतात, दमेकऱ्यांनी लांबूनच पाहावे. रविवारी चांदणी चौकातली बहुतेक दुकाने बंद असतात.

जामा मशीद इथून जवळ. नमाजाच्या वेळा सोडून सगळ्यांना आत जाता येते. गुडघे झाकणारे कपडे घाला.

इंडिया गेटवर फोटोशिवाय काय आहे?

गोव्याच्या माणसासाठी दिल्लीतली सर्वांत महत्त्वाची जागा मला हीच वाटते, पण कमानीसाठी नव्हे. ४२ मीटर उंचीची ती कमान १९३१ मध्ये उभी राहिली आणि तिच्यावर इंग्रजांच्या सैन्यात लढून पडलेल्या भारतीय सैनिकांची नावे आहेत. तिच्या मागे चालत गेलात की राष्ट्रीय युद्ध स्मारक लागते. ते २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उघडले. प्रवेश फुकट आहे. वर्तुळाकार भिंतींवर ग्रॅनाइटच्या फळ्या आहेत आणि स्वातंत्र्यानंतर हुतात्मा झालेल्या २५,००० हून अधिक सैनिकांची नावे त्यांवर कोरलेली आहेत.

यात १९६१ च्या ऑपरेशन विजयचीही नावे आहेत. म्हणजे आपल्या मुक्तीसाठी पडलेल्यांची. अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण गेले, ते गोव्यातल्या शाळेत निदान १९ डिसेंबरला तरी ऐकायला मिळते. मुलांना ती नावे शोधायला लावा. एरवी कंटाळणारी मुलेही अर्धा तास रमतात. संध्याकाळी ध्वज उतरवताना एका हुतात्म्याच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते. तिथे पोचायची वेळ तीच धरा. इंडिया गेटखाली १९७२ पासून तेवणारी अमर जवान ज्योती जानेवारी २०२२ मध्ये याच स्मारकाच्या ज्योतीत मिसळली.

आता कमानीपलीकडच्या दगडी छत्रीकडे बघा. तिथे पाचव्या जॉर्जचा पुतळा होता. १९६० च्या दशकाच्या शेवटी तो काढला, आता तो शहराच्या उत्तरेला कोरोनेशन पार्कात आहे. अनेक वर्षे छत्री रिकामी होती, २०२२ मध्ये नेताजी सुभाषचंद्रांचा काळ्या ग्रॅनाइटचा पुतळा तिथे बसला. पणजीच्या आझाद मैदानातल्या मंडपाची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. तो बांधला होता आफोन्सो द आल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी. तो पुतळा आता जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात उभा आहे. राजे गेले, छत्र्या राहिल्या.

संसद आणि राष्ट्रपती भवन आतून पाहता येते का?

राष्ट्रपती भवन, हो. संकेतस्थळावरून आधी वेळ आरक्षित करावी लागते, शुल्क किरकोळ आहे, मूळ ओळखपत्र सोबत हवे. मुख्य इमारतीची फेरी आणि संग्रहालयाची फेरी वेगवेगळी. एकच करायची तर मुख्य इमारत. ३४० खोल्यांपैकी मोजक्याच दाखवतात, पण गणतंत्र मंडप (पूर्वीचा दरबार हॉल) आणि अशोक मंडप (पूर्वीचा अशोक हॉल) पुरेसे आहेत. शनिवारी सकाळी रक्षकबदलाचा सोहळा असतो, घोडे आवडणाऱ्या मुलांसाठी तोच मुख्य कार्यक्रम.

संसदेचे तसे नाही. नवी इमारत २८ मे २०२३ रोजी सुरू झाली. अधिवेशन चालू असताना प्रेक्षक सज्जात बसायला खासदारांच्या शिफारशीचा पास लागतो. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक, असे तीनच खासदार. त्यांच्या कार्यालयात बरेच आधी विचारा. पास मिळाला तरी मोबाइल, पाकीट, पेन सगळे बाहेर राहते.

वेळ थोडा आहे. कुतुबमिनार की हुमायूनची कबर?

मी हुमायूनची कबर सांगेन, लोक कुतुबमिनारला जातात.

कुतुबमिनार सुमारे ७२.५ मीटर उंच. कुतुबुद्दीन ऐबकाने बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेला, अल्तमशने वर नेलेला, वीज पडल्यावर फिरोजशाह तुघलकाने दुरुस्त केलेला. आत चढता येत नाही; १९८१ मध्ये जिन्यात चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली, तेव्हापासून दार बंद आहे. शेजारच्या मशिदीचे खांब नीट पाहिलेत तर घंटा, साखळ्या, मंदिरातली नक्षी ओळखू येते. अंगणातला लोहस्तंभ गुप्तकाळातला, सोळाशे वर्षे उघड्यावर असूनही फारसा गंजलेला नाही. आपल्या दमट हवेत दारांच्या कड्या दोन पावसाळे टिकत नाहीत, त्यामुळे गोवेकर त्या खांबापुढे जरा जास्तच वेळ उभे राहतात.

हुमायूनची कबर १५७२ च्या सुमाराची. ताजमहालाच्या आधीची, आणि ताजची कल्पना जिथून आली म्हणतात ती. गर्दी कमी, बाग मोठी, वर चढले की चारी बाजूंना हिरवे. शेवटचा बादशहा बहादुरशाह जफर १८५७ मध्ये इथेच इंग्रजांच्या हाती लागला. बाहेर पडलात की समोर सुंदर नर्सरीची बाग आहे आणि रस्त्यापलीकडे निजामुद्दीन दर्गा, जिथे अमीर खुस्रो आणि जवळच मिर्झा गालिब यांच्याही कबरी आहेत. गुरुवारी संध्याकाळी कव्वाली असते. गल्ली अरुंद आणि चपलावाले, फुलवाले मागे लागणारे; तेवढे सोसायची तयारी ठेवा. परतीची गाडी निजामुद्दीनहून असेल तर हा सगळा भाग शेवटच्या दिवशीचा.

मुलांना इमारतींचा कंटाळा येतो. काय दाखवू?

चाणक्यपुरीतले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. खरी जुनी इंजिने, एका रुळावर चालणारी पतियाळाची मोनोरेल, आणि बसायला छोटी गाडी. अर्धा दिवस जातो. जंतरमंतर लहान आहे, पण सवाई जयसिंहांनी १७२४ च्या सुमारास बांधलेली ती दगडी यंत्रे ऊन असताना पाहिली तर सावलीवरून वेळ वाचता येते. ढगाळ दिवशी जाऊ नका. राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तकी आहे. पुस्तकात पानभर दिसणारी ती मूर्ती प्रत्यक्षात जेमतेम १०.५ सेंटिमीटर आहे, हे पाहून मोठ्यांनाही धक्का बसतो.

अक्षरधाम, लोटस टेम्पल, बंगला साहिब: तिन्ही करावीत का?

बंगला साहिब नक्की. लंगरमध्ये पंगतीत बसून जेवा, जमल्यास पोळ्या लाटायला हात लावा. अक्षरधाम २००५ चे, भव्य; मोबाइल, कॅमेरा, पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात आणि रांग मोठी असते. सायंकाळचा पाण्याचा कार्यक्रम पाहायचा तर दुपारीच जा. लोटस टेम्पल बाहेरून सुंदर, आत शांत बसायचे असते. रविवारी रांगच तासाची असते, तेव्हा माझ्या मते ते रस्त्यावरून पाहिले तरी चालते.

माझ्या मेहुण्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. त्याला परदेशी दराचे तिकीट पडेल का?

हा प्रश्न फक्त गोव्यातूनच येतो. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत भारतीयांना पन्नासएक रुपयांत प्रवेश मिळतो, परदेशी नागरिकांना पाचशेच्या पुढे. मेहुण्यांकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देते ते कार्ड, असेल तर राष्ट्रीय स्मारके आणि संग्रहालये यांत त्यांना भारतीयांचाच दर लागू होतो. केंद्राने २०२१ मध्ये तशी अधिसूचना काढली आहे. मूळ कार्ड खिशात हवे, फोटोवर भागत नाही. कार्ड नसेल तर पूर्ण परदेशी दर. पंधरा वर्षांखालील मुलांना या वास्तूंत तिकीट नसते.

फिरायला मेट्रो बरी की रिक्षा?

मेट्रो, डोळे झाकून. लाल किल्ला, चांदणी चौक, जामा मशीद, अक्षरधाम, कुतुबमिनार या सगळ्यांच्या नावाची स्थानके आहेत. लोटस टेम्पलला कालकाजी मंदिर स्थानकावर, इंडिया गेटला केंद्रीय सचिवालयावर उतरावे. विमानतळाच्या टर्मिनल तीनवरून नवी दिल्लीला एअरपोर्ट एक्सप्रेस वीस मिनिटांत पोचवते. पुढचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. नवऱ्याने चुकून चढू नये, दंड होतो. कुतुबमिनारच्या स्थानकापासून प्रत्यक्ष मिनार लांब आहे, तिथे ऑटो करावी. मीटर न टाकणाऱ्या रिक्षांशी घासाघीस करायची गोवेकरांना सवय आहेच.

फसवणूक कुठे होते?

कॅनॉट प्लेस आणि स्थानकांच्या बाहेर. कुणी सभ्य माणूस येऊन सांगतो की आज लाल किल्ला बंद आहे, किंवा तुमचे हॉटेल बंद पडले आहे, चला सरकारी पर्यटन कार्यालयात नेतो. ते कार्यालय सरकारी नसते. कोणाच्याही सांगण्यावरून बेत बदलू नका. किल्ला बंद असल्याचे किल्ल्याच्या दारावर जाऊनच बघा.

चार दिवस माशांशिवाय कसे काढायचे?

दोन दिवस छोले-भटुरे आणि राजमा-चावल आनंदाने खाल्ले जातात. तिसऱ्या दिवशी शीतकडीची, म्हणजे आपल्या भात-माशाच्या कालवणाची, आठवण येते. आयएनए बाजारात मासळी मिळते आणि तिथेच केरळी खाणावळी आहेत. नारळाच्या रसातले कालवण गोव्याच्या जवळ जाते. चित्तरंजन पार्कात बंगाली बाजार आहे, पण नदीच्या माशाचे काटे आणि वास सगळ्यांना झेपत नाहीत. गोवा निवासात गोव्याच्या जेवणाची सोय असते. जाण्याआधी फोन करून विचारा. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात पिठले-भाकरी, साबुदाण्याची खिचडी मिळते आणि ते इंडिया गेटच्या जवळ आहे. चवथीचे किंवा श्रावणाचे दिवस पाळणाऱ्यांना दिल्ली उलट सोपी, शाकाहारी खाणे तिथे पावलोपावली आहे.

आग्रा एका दिवसात होते का?

होते. निजामुद्दीनहून सकाळी गतिमान एक्सप्रेस सुटते, पावणेदोन तासांत आग्रा कँट, संध्याकाळी तीच परत. ती शुक्रवारी नसते आणि ताजही त्या दिवशी बंद, त्यामुळे घोटाळा होत नाही. गोवा एक्सप्रेस आणि मंगला लक्षद्वीप दोन्ही आग्रा कँटला थांबतात. म्हणून काही जण जाताना आग्र्यालाच उतरतात, रात्र तिथे काढून दुसऱ्या दिवशी ताज पाहून दिल्लीला जातात. सामान कमी असेल तर ही युक्ती चांगली.

आईचे गुडघे दुखतात. तिच्यासाठी काय ठेवू?

लोदी गार्डन, युद्ध स्मारक, सुंदर नर्सरी, बंगला साहिब, गांधी स्मृती. शेवटच्या ठिकाणी गांधीजींनी आयुष्याचे अखेरचे १४४ दिवस काढले. खोली, अंगणातली वाट, सगळे सपाटीवर आहे. हुमायूनच्या कबरीचे दगडी जिने उंच आहेत, तिथे त्यांना खाली बागेत बसवा. मोठ्या वास्तूंत चाकाची खुर्ची मागितली तर मिळते. जंतरमंतरजवळची अग्रसेन की बावडी मात्र शंभराहून अधिक पायऱ्यांची आहे, वरून बघायची.

येताना काय आणावे?

थंडीचे कपडे गोव्यातून विकत घेऊन जाऊ नका, चांगले मिळत नाहीत. एक जाड स्वेटर घालून जा आणि बाकीचे तिथे सरोजिनी नगरात किंवा जनपथवर घ्या. सरोजिनी सोमवारी बंद. दिल्ली हाटमध्ये दर जास्त, पण कारागीर खरे. रविवारी सकाळी दिल्ली गेटजवळ महिला हाटमध्ये जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, वजनावरही पुस्तके मिळतात. विमानाचे पंधरा किलो तिथेच संपतात.